कर्जत-खालापूर परिसरातील आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन

आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन म्हणजे भिन्न भाषा, चालीरीती, कालगणना आणि कामाच्या सवयी असलेल्या माणसांना एका कामात एकत्र आणणे, त्यांच्यातील व्यवहार सुरळीत ठेवणे आणि त्यासाठी लागणारी समज व कौशल्ये आत्मसात करणे. ही संज्ञा सामान्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या संदर्भात वापरली जाते. तथापि, एकाच प्रदेशातील भिन्न समाज जेथे एकत्र काम करतात तेथेही तिचा तितकाच उपयोग होतो. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके याचे ठळक उदाहरण होत. बोरघाटातील लोहमार्गाचे बांधकाम, टाटांची जलविद्युत केंद्रे, खोपोलीचे पोलाद कारखाने, वीटभट्ट्या आणि आश्रमशाळा यांच्या निमित्ताने गेली सुमारे 170 वर्षे येथे बाहेरून आलेले व्यवस्थापक, अभियंते, ठेकेदार व शिक्षक आणि स्थानिक आगरी, मराठा, कुणबी, ठाकर, कातकरी इत्यादी समाज यांचा नित्य संबंध येत आला आहे.

## संज्ञा व सैद्धान्तिक चौकट

कामाच्या ठिकाणी संस्कृतीचा प्रभाव कसा पडतो याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1959 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सायलेंट लँग्वेज’ या ग्रंथात वेळ, अंतर आणि मौन यांचेही अर्थ संस्कृतीनुसार बदलतात हे दाखवून दिले. पुढे त्यांनी संस्कृतींचे दोन प्रकार कल्पिले. काही समाजांत बोलण्याचा बराचसा अर्थ प्रसंग, नाते आणि सूर यांत दडलेला असतो. काही समाजांत तो शब्दांतच सांगावा लागतो.

डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएम कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांचा अभ्यास केला आणि 1980 साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. सत्तेतील अंतर, व्यक्तिनिष्ठता, पुरुषप्रधान मूल्ये आणि अनिश्चितता टाळण्याची प्रवृत्ती हे त्यांचे मूळ चार निकष होत. अनिश्चितता टाळण्याच्या निकषावर त्यांनी भारताला 40, फ्रान्सला 86 आणि जपानला 92 गुण दिले आहेत. खोपोलीच्या पोलाद उद्योगात आधी फ्रेंच आणि नंतर जपानी भागीदार आले. त्यामुळे हे आकडे या परिसराच्या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत.

भारतीय परिस्थितीचा विचार करणाऱ्यांमध्ये मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते. भारतीय कामगार वरिष्ठांकडून जिव्हाळ्याची अपेक्षा ठेवतो. परंतु तो जिव्हाळा काम पुरे करण्याशी बांधलेला असला तरच संस्था चालते, अशा आशयाची मांडणी त्यांनी 1980 च्या सुमारास केली.

## परिसर व समाज

कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. उल्हास व पाताळगंगा या येथील प्रमुख नद्या. घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी वीजनिर्मितीनंतर भिवपुरी येथे उल्हासच्या आणि खोपोली येथे पाताळगंगेच्या खोऱ्यात सोडले जाते. मुंबई-पुणे लोहमार्ग कर्जतवरून आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. माथेरान हे थंड हवेचे ठिकाण कर्जत तालुक्यात आहे. रायगड जिल्ह्याचे नाव 1 जानेवारी 1981 पूर्वी कुलाबा असे होते.

भात हे येथील मुख्य पीक आहे. उन्हाळ्यात राब भाजणे, आषाढात आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि त्यानंतर झोडणी असा कामाचा क्रम असतो. कारखान्यात नोकरी करणाऱ्या कुटुंबांचेही वेळापत्रक अनेकदा याच क्रमाला बांधलेले असते.

डोंगरउतारांवरील वाड्यांत ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी या आदिवासी जमाती राहतात. कातकरी हे पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढण्याचा व्यवसाय करीत. त्यावरून त्यांना हे नाव मिळाले. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची गणना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. कातकऱ्यांवरील ए. एन. वेलिंग यांचा इंग्रजी ग्रंथ 1934 साली आणि ठाकरांवरील ल. ना. चापेकर यांचा इंग्रजी ग्रंथ 1960 साली प्रसिद्ध झाला. बाहेरून येणाऱ्याला ‘आदिवासी’ हा एकच समूह वाटत असला तरी ठाकर आणि कातकरी यांची बोली, राहणी, जमिनीशी असलेले नाते आणि परस्परांविषयीच्या धारणा वेगवेगळ्या आहेत. ठाकर बहुधा थोडीफार शेती करणारे आहेत, तर कातकरी मोठ्या प्रमाणावर भूमिहीन असून मोलमजुरीवर अवलंबून असतात.

## इतिहास

### बोरघाटातील लोहमार्ग

या परिसरातील आंतरसांस्कृतिक व्यवस्थापनाचा पहिला मोठा प्रसंग म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे बोरघाटातील बांधकाम होय. 1856 साली रेल्वे खोपोलीपर्यंत आणि 1858 साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत पोहोचली होती. मधला घाट प्रवाशांना पालखीने, तट्टावरून किंवा पायी चढावा लागे. ही तूट भरून काढण्यासाठी मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली जानेवारी 1856 मध्ये घाटातील काम सुरू झाले. सुमारे 25 किलोमीटर लांबीच्या आणि 1,831 फूट चढाच्या या मार्गावर 25 बोगदे खोदावे लागले. 1861 च्या सुमारास कामावरील मजुरांची संख्या 42,000 च्या वर गेली होती.

एवढ्या मनुष्यबळाची व्यवस्था मुकादमांमार्फत चालत असे. इंग्रज कंत्राटदार विल्यम फेव्हियल यांचे देखरेखकर्ते मजुरांची भाषा क्वचितच जाणत. त्यामुळे मजुरीचे दर, कामाचे मोजमाप आणि पैसे मिळण्याची तारीख यांविषयी मजुराला जे कळे ते मुकादमाच्या तोंडून. रोजच्या भाकरीसाठी रोजच्या किंवा आठवड्याच्या पैशांवर विसंबलेल्या कुटुंबांना मजुरी थकणे परवडणारे नव्हते. जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून असंतोष उसळला आणि मजूर व युरोपीय देखरेखकर्ते यांच्यात हिंसक संघर्ष झाला. मार्च 1859 मध्ये फेव्हियल यांनी कंत्राट सोडले. काही महिने कंपनीच्या अभियंत्यांनीच काम चालविले. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल यांना कंत्राट मिळाले, परंतु भारतात आल्यानंतर अल्पावधीतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्याकडे ठेवले आणि अॅडमसन व क्लाउझर या अभियंत्यांच्या साहाय्याने ते तडीस नेले. 21 एप्रिल 1863 रोजी मार्ग खुला झाला. बर्कली यांचे त्याआधीच, 1862 साली, निधन झाले होते.

या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर 1860 साली सार्वजनिक बांधकामांवरील मालक व मजूर यांच्या तंट्यांविषयीचा कायदा करण्यात आला. थकलेल्या मजुरीचे दावे दंडाधिकाऱ्यापुढे तातडीने निकालात काढण्याची तरतूद त्यात होती. परंतु काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याची तरतूदही त्यातच होती. पावसाळ्यात शेतीच्या कामासाठी गावी परतणे ही मजुराच्या दृष्टीने स्वाभाविक रीत होती. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो करारभंग ठरू शकत होता. हा कायदा पुढे 1932 साली रद्द झाला.

### जलविद्युत केंद्रे

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना 1910 साली झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील जलाशयांचे पाणी सुमारे पाचशे मीटर उंचीवरून नळांद्वारे खोपोलीस आणून 1915 साली तेथील केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीजपुरवठा सुरू झाला. कर्जत तालुक्यातील भिवपुरी केंद्र 1922 साली सुरू झाले. या कामांत युरोपीय व अमेरिकन यंत्रसामग्री, परदेशी व भारतीय अभियंते, पारशी व्यवस्थापन आणि घाट व कोकणातील मजूर एकत्र आले. खोपोली हे गाव याच काळापासून औद्योगिक वस्ती म्हणून आकारास येऊ लागले.

जमिनीच्या प्रश्नावर मात्र दोन दृष्टिकोनांची गाठ बसली नाही. घाटमाथ्यावरील मुळशी येथे टाटांच्याच दुसऱ्या धरणासाठी जमिनी घेताना 1921 साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. कंपनीच्या लेखी जमीन ही मोबदला देऊन घेण्याची वस्तू होती, तर मावळातील शेतकऱ्यांच्या लेखी ती पूर्वजांचे ठिकाण, गावदेव आणि उद्याचे अन्न होती. मोबदल्याची रक्कम वाढविल्याने हे अंतर मिटण्याजोगे नव्हते.

### भाई कोतवाल व आझाद दस्ता

विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल (जन्म : 1 डिसेंबर 1912, माथेरान) हे नाभिक समाजात जन्मलेले वकील होते. त्यांनी कर्जत तालुक्यातील गरीब शेतकरी व आदिवासींसाठी धान्यकोठ्या आणि स्वयंसेवी शाळा सुरू केल्या. 1942 च्या आंदोलनात त्यांनी उभारलेल्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम हाती घेतली. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगड येथे पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले.

व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत हे उदाहरण सहसा आढळत नाही. तरीही भिन्न जातिजमातींच्या माणसांनी जोखमीच्या कामात एकमेकांवर विश्वास कसा ठेवला याचा विचार करताना ते उपयुक्त ठरते. दस्त्याची उभारणी होण्यापूर्वी धान्यकोठी आणि शाळा यांच्या निमित्ताने परिचय झालेला होता. काम सांगण्याआधी नाते निर्माण झाले होते.

### पोलाद व रसायन उद्योग

1962 साली महिंद्र समूह आणि फ्रान्समधील उजीन ही पोलाद कंपनी यांच्या सहकार्याने महिंद्र उजीन स्टील कंपनी स्थापन झाली. तिचा मिश्रपोलादाचा कारखाना खोपोलीतील जगदीशनगर येथे उभा राहिला. 2012 साली येथील पोलाद व्यवसायात जपानच्या हिमेजी येथील सान्यो स्पेशल स्टील आणि मित्सुई या कंपन्या भागीदार झाल्या. 2018 साली बहुसंख्य भागभांडवल सान्योकडे गेले. अशा प्रकारे साठ वर्षांच्या आत एका कारखान्याने फ्रेंच तंत्रज्ञान, भारतीय व्यवस्थापन आणि जपानी मालकी असे तीन टप्पे पाहिले.

पाताळगंगेच्या काठी रसायनी-मोहोपाडा भागात रसायन व कृत्रिम धाग्यांचे उद्योग आले. रिलायन्सचा पाताळगंगा येथील पॉलिएस्टर कारखाना 1982 साली अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीच्या तंत्रज्ञानावर सुरू झाला. या उद्योगांबरोबर देशभरातून तंत्रज्ञ व कामगार आले. त्यांच्या पाठोपाठ भूमिपुत्रांना रोजगार मिळावा ही मागणीही पुढे आली.

## कार्यव्यवहारातील प्रमुख बाबी

### काळ व हजेरी

कारखान्याचा काळ पाळ्यांनी मोजला जातो, तर गावाचा काळ पीक, सण आणि गावकी यांनी. आवणीच्या दिवसांत, गौरी-गणपतीत, शिमग्याला किंवा भावकीतील मृत्यूच्या प्रसंगी कामगार गैरहजर राहतात, अशी तक्रार व्यवस्थापनाकडून वारंवार केली जाते. कामगाराच्या दृष्टीने ही गैरहजेरी बेपर्वाई नसते. भावकीतील दहाव्या-तेराव्याला न गेलेल्या माणसाच्या घरी उद्या कोणी येणार नाही, हा हिशेब त्यामागे असतो. ज्या दिवसांतील गैरहजेरी दरवर्षी अटळ आहे ते दिवस आधीच गृहीत धरून यंत्रांची देखभाल, रजा आणि बदली कामगार यांची आखणी करणे, हा यावरील व्यवहार्य उपाय मानला जातो.

### होकार आणि नकार

‘बघतो’, ‘करू या’, ‘होऊन जाईल’ हे मराठी शब्दप्रयोग प्रसंगानुसार होकार, नकार किंवा केवळ सौजन्य दर्शवितात. वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणणे उद्धटपणाचे समजले जात असल्याने अडचण असलेला कामगारही मान डोलावतो. जपानी भाषेतील ‘हाय’ या शब्दाची गत काहीशी अशीच आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘हो’ असला तरी अनेकदा ‘मी ऐकतो आहे’ एवढेच त्यातून अभिप्रेत असते. दोन्ही बाजूंनी नकार झाकला जात असेल तर बैठकीत एकमत दिसते आणि प्रत्यक्ष कामात ते सापडत नाही.

जपानी कार्यपद्धतीत यावर ‘होरेन्सो’ ही रीत आहे. वरिष्ठांना कळविणे, संबंधितांना माहिती देणे आणि सल्ला घेणे या तीन क्रियांच्या जपानी शब्दांची आद्याक्षरे जुळवून हा शब्द बनला आहे. अडचण लहान असतानाच ती सांगावी, असा तिचा रोख आहे. ही रीत रुजण्यासाठी वाईट बातमी आणणाऱ्याला दोष न देण्याची हमी आवश्यक असते. जेथे चूक सांगणाऱ्याचीच हजेरी कापली जाते तेथे सूचनाफलक कितीही लावले तरी अडचणी झाकल्याच जातात. भट्टीजवळ किंवा रसायनांच्या टाकीजवळ काम करणाऱ्याने न कळलेल्या सूचनेला मान डोलावली तर त्याची किंमत त्याच्या जिवाने मोजावी लागू शकते. म्हणून सूचना दिल्यावर ‘समजले का?’ असे न विचारता ‘आता तू काय करशील ते सांग’ असे विचारण्याची पद्धत सुरक्षिततेच्या प्रशिक्षणात उपयोगी ठरते.

### संबोधन व भाषा

प्रमाण मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून वय, मान व जवळीक व्यक्त होते. अनेक कातकरी व ठाकर वाड्यांत वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांनाही ‘तू’ म्हणण्याची रीत आढळते. तीत अनादर नसतो. शहरातून आलेल्या अधिकाऱ्याला किंवा शिक्षकाला मात्र ती खटकते. उलटपक्षी, केस पिकलेल्या कातकरी मजुराला तरुण पर्यवेक्षकाने ‘अरे-तुरे’ करणे यात बरोबरीचे ‘तू’ नसून हुकुमाचे ‘तू’ असते. ऐकणाऱ्यालाही ते बरोबर उमगते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ ओळखणे ही या परिसरात काम करू पाहणाऱ्याची पहिली परीक्षा ठरते.

### मध्यस्थ

लोहमार्गाच्या काळातील मुकादम आजही ठेकेदार, मजूर पुरवठादार किंवा वाडीतील ‘बोलका’ माणूस या रूपांत कायम आहे. दोन भाषा आणि दोन्ही बाजूंच्या गरजा जाणणारा मध्यस्थ आवश्यकच असतो. परंतु व्यवहाराची माहिती एकट्या त्याच्याच हाती राहिली तर तो दुभाषा न राहता मालक बनतो. दर आणि हिशेब सर्वांसमक्ष, सर्वांना कळणाऱ्या बोलीत सांगणे हा त्यावरील उपाय 1859 इतकाच आजही लागू आहे.

## वीटभट्ट्यांचा हंगाम

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वाडी सोडून रायगड, ठाणे आणि दूरच्या जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात, घरातील धान्य संपलेले असताना, भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम ‘उचल’ देतो. पुढील हंगामात नवरा-बायको ‘जोडी’ने विटा पाडून ती फेडतात. मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला केवळ खर्ची मिळते आणि अखेरचा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. हिशेबाची वही मालकाकडे असते. ती वाचता न येणाऱ्या कुटुंबाची उचल ‘फिटली नाही’ असे ठरले की पुढील वर्षीही त्याच भट्टीवर जाणे भाग पडते.

ही व्यवस्था अनेकदा दोन्ही बाजूंना परस्परांच्या सोयीची वाटते. मालक तिला अडीअडचणीची मदत म्हणतो आणि मजूरही शब्द मोडणे अप्रतिष्ठेचे मानतो. परंतु उचलीपोटी माणसाचे अन्यत्र काम करण्याचे स्वातंत्र्य संपते तेव्हा ती वेठबिगारी ठरते आणि 1976 च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाने ती गुन्हा आहे. या कायद्यानुसार असे कर्ज आपोआप रद्द होते. सांस्कृतिक समज आणि कायदा यांची सीमारेषा येथे स्पष्ट होते : एखादी रीत जुनी व दोघांनाही परिचित असल्यामुळे न्याय्य ठरत नाही.

हंगामी स्थलांतराचा दुसरा परिणाम मुलांवर होतो. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि भट्टीचे दिवाळीनंतर. त्यामुळे भट्टीवर जाणाऱ्या मुलाचे दुसरे सत्र हुकते.

## धान्यकोठी

कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आदिवासी वाड्यांत धान्यकोठीचा उपक्रम राबविला. भाताच्या स्थानिक वाणांचे जतन आणि वनौषधी हीदेखील या संस्थेची कार्यक्षेत्रे होत. धान्यकोठीची रीत साधी असते. पावसाळ्यातील टंचाईच्या महिन्यांत सभासद कुटुंब कोठीतून धान्य उसने घेते आणि सुगीनंतर थोड्या वाढीसह परत करते. वाढीचे धान्य कोठीतच राहते. कारभार वाडीतील मंडळी पाहतात.

सावकाराकडून ‘सवाई’ने म्हणजे सव्वापट किंवा ‘दिडी’ने म्हणजे दीडपट परतफेडीच्या अटीवर धान्य घेण्याची प्रथा लोकांना पूर्वापार ठाऊक होती. धान्यकोठीने तीच ओळखीची चौकट वापरली : धान्य घ्यावे, धान्य द्यावे, आणि मुदत पिकाच्या चक्राने ठरावी. बँकेचा अर्ज, मासिक हप्ता आणि तारण या परक्या गोष्टी तीत नव्हत्या. संस्थेने लोकांची कालगणना स्वीकारली, तर लोकांनी नोंदवही, सभा आणि सामुदायिक जबाबदारी स्वीकारली. दोन्ही बाजूंना थोडे बदलावे लागणे हे यशस्वी आंतरसांस्कृतिक व्यवहाराचे लक्षण मानले जाते. केंद्र शासनानेही 1996-97 पासून आदिवासी भागांसाठी ग्राम धान्यकोष योजना राबविली.

## आश्रमशाळा व भाषा

रायगड जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांचा कारभार पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत चालतो. या शाळांतील शिक्षक अनेकदा देश, खानदेश किंवा मराठवाडा येथून आलेले असतात. मूल ठाकरी किंवा कातकरी बोली घेऊन येते, शिक्षक आपल्या प्रांताची मराठी घेऊन येतो आणि पुस्तक प्रमाण मराठीत असते. पहिलीतील मुलाचे मौन हे बुद्धिमांद्याचे लक्षण आहे असा निष्कर्ष अशा वेळी सहज काढला जातो. प्रत्यक्षात मूल एका अपरिचित भाषेत वावरत असते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावी असे म्हटले आहे. घरातील वस्तू, मासे, कंद, पक्षी आणि भाताचे वाण यांची नावे मुलांकडून त्यांच्या बोलीत जाणून घेऊन त्यांवरून लेखन-वाचनाकडे वळणे ही पद्धत अनेक शिक्षक वापरतात. तीत शिक्षक काही काळ विद्यार्थी होतो. ज्या मुलाला खेकडे कोणत्या बिळात सापडतात हे वर्गात सांगता आले, ते मूल पुढे वाचण्यासही धजावते.

## अलीकडील काळ

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यानंतर या परिसरात सेवा व करमणूक क्षेत्र वाढले. नितीन देसाई यांनी 2005 साली कर्जत-चौक भागात चित्रपटनिर्मितीसाठी एन. डी. स्टुडिओ उभारला. 2013 साली खोपोली-पाली मार्गावर इमॅजिका हे करमणूक उद्यान सुरू झाले. शेतघरे व विश्रामस्थळे यांची संख्याही वाढली. त्यामुळे शेतीवर वाढलेल्या तरुणांना पाहुण्यांचे आदरातिथ्य, इंग्रजी-हिंदी संभाषण आणि सुटीच्या दिवशी काम करण्याची सवय शिकावी लागली. शेतघरांच्या शहरी मालकांनाही पाणी, पायवाट, गुरांचा रस्ता आणि देवस्थानाची वाट यांविषयीचे गावाचे अलिखित हक्क समजून घ्यावे लागतात. सातबाऱ्यावर नोंद नसलेली पण पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली वाट कुंपण घालून बंद केल्यास मालक आणि गाव यांच्यातील तंट्याला तेच निमित्त होते.

## शिकण्याच्या पद्धती

आंतरसांस्कृतिक कौशल्य हे पुस्तकी माहितीपेक्षा सरावाने येते, असे सामान्यतः मानले जाते. या परिसराच्या अनुभवावरून पुढील बाबी उपयुक्त ठरतात :

* स्थानिक पंचांग समजून घेणे – आवणी, कापणी, शिमगा, गौरी-गणपती, जत्रा आणि भट्टीचा हंगाम यांची नोंद कामाच्या नियोजनात असणे.
* निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर – उशीर, मौन किंवा गैरहजेरी यांचे कारण विचारल्याशिवाय त्यास आळस अथवा उद्धटपणा न म्हणणे.
* हिशेबाची पारदर्शकता – दर, हजेरी व कपात यांची माहिती थेट कामगारास, शक्य तर कुटुंबातील स्त्रीसमक्षही देणे.
* एकाहून अधिक मध्यस्थ – वाडीतील तरुण, स्त्रिया आणि वडीलधारे यांच्याशी स्वतंत्रपणे बोलणे.
* बोलीतील मोजके शब्द – संपूर्ण भाषा येत नसली तरी कामाची, नात्याची व आजारपणाची शब्दावली शिकणे.
* परतफेडीची तयारी – कामगाराकडून नवी शिस्त अपेक्षिताना संस्थेनेही आपल्या नियमांत कोठे बदल करावयाचा हे ठरविणे.

## मर्यादा व टीका

हॉफस्टेड यांच्या पद्धतीवर ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी 2002 साली सविस्तर टीका केली. एका कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून संपूर्ण राष्ट्राची संस्कृती ठरविता येत नाही, हा तिचा एक मुख्य मुद्दा होता. कर्जत-खालापूरच्या संदर्भात हा आक्षेप अधिकच लागू पडतो. खोपोलीतील कारखान्यात पुण्याहून आलेला अभियंता आणि हिमेजीहून आलेला अभियंता यांचे शिक्षण, परिभाषा व कामाची उद्दिष्टे बरीच जुळतात. त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेक्यावर काम करणारा कातकरी मजूर त्या दोघांपासूनही दूर असतो. राष्ट्रनिहाय आकड्यांत मात्र पुण्याचा अभियंता आणि कातकरी मजूर यांना एकच गुण मिळतात.

दुसरा आक्षेप ‘संस्कृती’ या शब्दाच्या वापरावर आहे. मजुरी थकविणे, खोटा हिशेब, जमिनीवरील अतिक्रमण किंवा जातिभेद यांना ‘सांस्कृतिक गैरसमज’ म्हटल्यास अन्याय झाकला जातो. 1859 मध्ये बोरघाटातील मजुरांना इंग्रजांची संस्कृती समजली नव्हती म्हणून त्यांनी उठाव केला नाही. त्यांना त्यांचे पैसे मिळाले नव्हते. भाषा व रीतिरिवाज यांतील अंतरामुळे ती गोष्ट वेळेवर वरपर्यंत पोहोचली नाही, इतकेच संस्कृतीचे कार्य तेथे होते. त्यामुळे परस्परसमज ही न्याय्य व्यवहाराची पूर्वतयारी होय, तिने न्याय्य व्यवहाराची जागा भरून निघत नाही, असे मत या आक्षेपातून पुढे येते.

## हे सुद्धा पाहा

* बोरघाट
* ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे
* खोपोली
* कर्जत तालुका
* खालापूर तालुका
* कातकरी
* ठाकर
* भाई कोतवाल
* मुळशी सत्याग्रह
* वेठबिगारी
* गीर्ट हॉफस्टेड